मामांच्या आवाजापुरती जागा

एसटीत माणसं दाटीनं उभी असली की बसलेल्या माणसानं खिडकीबाहेर बघायचं असतं. हा नियम सगळे पाळतात, मीही पाळते. आमचे शांतवनमामा मात्र तो कधी पाळत नसत. दारातून चढणाऱ्या माणसावर नजर गेली की ते आधी स्वतः सरकायचे, मग शेजारच्याला मांडीनं रेटायचे आणि मोकळ्या झालेल्या वीतभर बाकावर तळहात आपटून अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "या, हाय की जागा!"

जागा नसायचीच. पण मामांनी एवढ्या खात्रीनं पुकारल्यावर येणारा माणूस येऊन बसायचा, आणि तो बसला की जागा व्हायची. माझ्या लहानपणीचे नेवासा-श्रीरामपूर प्रवास मी मामांची बरगडी आणि कुण्या अनोळखी बाईची बाजाराची पिशवी यांच्यामध्ये चेपून केले आहेत. ख्रिसमसच्या भक्तीला चर्चच्या बाकावर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. पंगतीत तर वाढपी पुढे सरकल्यावर मामा कुणालातरी शेजारी बसवायचे आणि आपल्या पत्रावळीतली पोळी त्याच्याकडे सारायचे. एस्तेरमामी म्हणायची, "ह्यांना देवानं हाडं दिलीत का रबर, तेच कळंना. कुटंबी दुमडत्यात."

मामांचं नाव शांतवन, म्हणजे दिलासा. आजीनं बायबलातून शोधून ठेवलेलं. गल्लीतले लोक म्हणायचे, नावात शांत आहे तेवढंच, बाकी बोंबच. कारण मामांचा धंदाच मुळी आवाजाचा होता. अस्लमभाईंच्या रिक्षावर भोंगा बांधून दोघं नेवाशात पुकारा करत फिरायचे. कुणाची शेळी चुकली, डोळ्यांचं मोफत शिबिर आहे, उद्या नळाला पाणी येणार नाही, आणि कुणी गेलं तर मयताची खबर. पुकारताना मामा पुस्तकातलं मराठी बोलायचे, त्याचा त्यांना अभिमान होता. मयताची खबर तर ते इतकी जपून सांगायचे की घरातली माणसं हातातलं काम ठेवून दारात यायची. शेवट ठरलेला असायचा. मेलेला माणूस कोणत्याही जातीधर्माचा असो, नाव दोनदा घ्यायचं, वेळ सांगायची, आणि मग: "दुकानदारांनी शटर अर्धं खाली घ्यावं. रस्त्यातल्यांनी जागा द्यावी."

मामा-मामीला मूल नव्हतं, त्यामुळे भाची म्हणून सगळे हक्क माझ्याकडे आले आणि मामांच्या हातात मोबाईल आल्यावर सगळी कामंही. मी संगमनेरला एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. पुस्तकांच्या पाठीला नंबर चिकटवणं हे माझं काम. पण माझ्या टेबलावर संगणक आहे, म्हणून आमच्या नातेवाईकांत मी इंजिनियर. खरं तर माझ्या स्वतःच्या फोनवर "जागा संपत आली आहे" अशी सूचना कायम येत असते आणि नवऱ्याच्या सूचनांना मी जशी "हो, बघते" म्हणते तशीच तिलाही बाजूला सारते.

मामांनी मोबाईलचा एकच उपयोग शोधून काढला, स्वतःचा आवाज भरून ठेवण्याचा. रोजचा पुकारा भरायचे. चर्चमध्ये गायलेली गाणी भरायचे. सकाळी उठून मामीला मारलेली हाकही भरायचे. ती रेकॉर्डिंगं आणि लोकांनी रोज धाडलेली सुप्रभाताची फुलं यांनी फोन फुगत गेला. फोन बिघडला की मामा फाट्यावरच्या दुकानात जाऊन नवा घ्यायचे आणि दुकानदार दर वेळी नवं ईमेल खातं काढून द्यायचा, कारण जुन्या खात्याचा पासवर्ड शोधत बसायला त्याला वेळ नसे. पहिलं खातं होतं 'शांतवन'. एक फोन प्रवरेच्या घाटावर पाण्यात पडला, तेव्हा 'शांतवन नेवासा' आलं. मग 'शांतवन नवीन'. तो नवीनही पुढे जुना झाला, पण नाव नवीनच राहिलं.

पासवर्डाची गंमत तर वेगळीच. दुकानदार म्हणाला होता, "काका, हा कुणाला सांगायचा नाही." मामा म्हणाले, "न्हाई सांगत." आणि घरी येऊन त्यांनी ओट्यावर उभं राहून मामीला स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं तो सांगितला. मामांच्या आवाजाचा बेत म्हणजे निम्मं नेवासं. मामीचं नाव, पुढे अस्लमभाईंच्या रिक्षाचा नंबर. तिन्ही खात्यांना हाच एक. वर मामांनी पुकाऱ्याच्या सवयीनं तो दोनदा सांगितला.

मग एका हिवाळ्यात मामांचा आवाज बसला. मामीनं हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिला. अस्लमभाई म्हणाले, "जरा दम खा भाऊ, दोन आठवडे नुसता भोंगा वाजवू." मामांना वाटलं थंडी आहे, उतरेल. उतरली नाही. पुण्याच्या दवाखान्यात नळी घालून तपासलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कॅन्सरची गाठ आहे, घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव राहील, बोलणं राहणार नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्याच्या लांबलचक बोळात बाकावर बसलो होतो. समोरून एक म्हातारी आली, तिच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. सोबत कुणी नव्हतं. मामा सरकले, मला रेटलं, बाकावर हात आपटला आणि खरवडलेल्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "या आक्का, हाय की जागा." थोड्या वेळानं त्यांना आत नेलं. मामांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन. मी पाटी आणि पेन्सिलींचा डबा नेऊन दिला. पुकाऱ्यात शुद्ध बोलणारे मामा पाटीवर मात्र घरच्यासारखं लिहायचे. 'चा हाय का.' 'लाईट गेल्ती का.' पण मामीला चष्म्याशिवाय वाचता येत नसे, आणि चष्मा कधी पिठाच्या डब्यावर, कधी उशाखाली. ती तो शोधून आणेपर्यंत मामांचं म्हणणं शिळं व्हायचं. मग ते तळहातानं पाटी पुसायचे. "काय हुतं ओ?" मामी विचारायची. मामा मान हलवायचे, काही नाही.

अशा दिवसांत मामीनं फोनमधला तो आवाज लावायला सुरुवात केली. सकाळी फळीवर फोन ठेवायची आणि भाकरी थापता थापता मामांची हाक ऐकायची, "एस्तेर, ऊन आलं गं अंगणात!" मग गाणं, मग शेळी, मग पाण्याची खबर. मला म्हणाली, "ह्यांचा आवाज लागला की घर भरल्यावानी वाटतं गं रूथ. न्हाईतर नुसती पेन्सिल वाजती." मला ऐकून बरं वाटलं होतं. देवाची दया, आवाज गेला तरी उरला, असं मी आल्यागेल्याला सांगतही होते.

पुढच्या तपासणीनंतर मामीचा फोन आला. "रूथ, दवाखान्यातली बाई बोलत हुती. ह्यांच्या तपासनीचं टपाल धाडलं तर परत येतंय म्हनली. दोनदा धाडलं. कायतरी भरलंय म्हनं. ये बाई, बघ काय भरलंय."

मी श्रीरामपुरात गाडी बदलून नेवाशाला पोचले. मामा ओट्यावर होते. मला बघून सरकले, शेजारी थाप मारली. थापेला आवाज होता तेवढाच.

फोन हातात घेतला आणि प्रकार लक्षात आला. मामीला मी कोठीचं उदाहरण दिलं. "हे बघ, मामी, खातं म्हणजे एक कोठी. फोटो, आवाज, हे ईमेलचं टपाल, सगळं एकाच कोठीत जातं. ती फुकट आहे, पण केवढी ते ठरलेलं आहे. तू काठोकाठ ज्वारी भरलीस तर गहू कुठं ओतणार? तो माणूस गहू घेऊन दारातनं परत जातो."

"म्हंजी दवाखान्याचा कागद दारातनं परत गेला?"

"हो."

"आनि भरलंय काय?"

"मामांचा आवाज," मी म्हटलं.

मामा दारात येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मी घाईनं म्हटलं की थोडे पैसे भरले तर मोठी कोठी मिळते, मी भरते. मामांनी पाटी घेतली. 'जागंचं भाडं?' त्याखाली एक रेघ मारली, आणि खाली लिहिलं, 'जागा देत्यात. इकत न्हाईत.' यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मामांशी वाद घालणं पूर्वी आवाजामुळे अवघड होतं, आता ते नुसतं पाटी पालथी घालून ठेवायचे.

जुन्या दोन कोठ्यांत जागा असेल म्हणून मी ती खाती उघडायला बसले. पासवर्ड मागितला. मामांनी पाटीवर मामीचं नाव लिहिलं, पुढे रिक्षाचा नंबर लिहिताना अडले. अंक पुसले, पुन्हा लिहिले. भूल दिल्यापासून त्यांच्या आठवणीला अशी मधेच ठेच लागायची. मी दारात जाऊन अस्लमभाईंना हाक मारली. ते समोरच रिक्षा पुसत होते.

"अस्लमभाई, तुमच्या जुन्या रिक्षाचा नंबर काय होता?"

"कुणाला, पासवर्डला पायजे?" ते तिथूनच म्हणाले आणि अख्खा पासवर्ड बोलून दाखवला. कोपऱ्यावरच्या गिरणीतून कुणीतरी ओरडलं, "मधी टिंब हाय, अस्लमभाई, टिंब इसरले!"

मामांचे खांदे हलायला लागले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा येत होती, फुस्स, फुस्स. ते हसत होते. मामी पदर तोंडाला लावून हसली. त्या घरात हसण्याची ती शेवटची वेळ असावी, निदान मी पाहिलेली.

दिवसभर मी तिन्ही कोठ्या उपसत बसले. सुप्रभाताची फुलं उडवली, तीन-तीनदा आलेले आशीर्वाद उडवले, कुणाकुणाच्या वाढदिवसाचे केक उडवले. लायब्ररीत इतक्या वर्षांत मी एक फाटकं पुस्तक बाद केलेलं नाही, आणि इथे मी केकमागून केक बाद करत होते. पण आवाजाला हात लावला की मामी अडवायची.

"मामी, ही शेळी कुणाची?"

"त्या वस्तीवरच्या बाईची. सापडली की ती मागंच."

"मग उडवू?"

"न्हाई. असू दे."

दारातून पाटी वर आली. 'शेळी उडव.'

"तुमी गप बसा हो," मामी म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिनं हातातलं निवडणं खाली ठेवलं.

शेवटी तोड निघाली. सगळा आवाज मी 'शांतवन नेवासा' खात्यात हलवला. त्यात दुसरं काही नाही, फक्त मामा. 'शांतवन नवीन' टपालासाठी मोकळं केलं. मी दोघांना बजावलं, नेवासा खात्याला हात लावायचा नाही, पुढच्या खेपेला पेनड्राईव्ह आणून सगळं त्यावरही उतरवून ठेवते. मग दवाखान्याला फोन करून टपाल पुन्हा पाठवायला सांगितलं.

ते यावेळी परत गेलं नाही. मी ओट्यावर बसून वाचत होते. इंग्रजी मोठमोठं होतं, पण फुप्फुसाला मी ओळखते. दोन्ही बाजूंची नावं होती. आत फळीवर फोन चालू होता, मामा खणखणीत आवाजात डोळ्यांच्या शिबिराला या म्हणून सांगत होते. शेजारी बसलेल्या मामांनी माझ्या तोंडाकडे बघून पाटीवर लिहिलं, 'कुटवर?'

मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. डावीकडे, मग उजवीकडे.

त्यांनी मान डोलावली आणि पाटी पुसली. मग कोरड्या पाटीवरून पुन्हा हात फिरवला, तिथे काहीही नसताना.

पुण्याच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं, टपाल वेळेवर पोचलं असतं तर? ते म्हणाले, "तसा फारसा फरक..." आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. ते वाक्य पुरं करायला आम्ही कुणीच पुन्हा गेलो नाही.

पुढच्या वेळी गेले तेव्हा मामा खूप उतरले होते. ओट्यावर बसून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवत होते, टण टण. त्यांना पाणी हवं होतं. आत मामी परातीवर वाकलेली आणि फळीवरचे मामा गात होते. चढा सूर होता, त्यापुढे चमच्याचं काय चालणार? मामांनी जोरात वाजवलं. मग आणखी जोरात. मग पेला खाली ठेवला.

मी पाणी आणून दिलं. ते प्यायले, सरकले, मला बसवलं. पाटीवर हळूहळू लिहिलं, 'घरात दोन शांतवन झालेत.' मी वाचल्यावर पुसून पुढचं लिहिलं, 'येकाला सरकावं लागंल.'

मी म्हटलं, "असं काय बोलता मामा." लायब्ररीत दहा हजार पुस्तकं आहेत आणि मला सुचलं ते एवढंच. आजारी माणूस मरणाचं बोलतोय असं मी धरून चालले. त्या दिवशी पेनड्राईव्ह घरीच राहिला होता; पुढच्या खेपेला आणते म्हणाले आणि संध्याकाळची गाडी धरली.

पुढच्याच आठवड्यात मामीचा फोन. "रूथ, आवाज गेला. त्यातलाबी गेला."

मी पोचले तेव्हा मामी दुकानदाराला, फोनला आणि कंपनीला शिव्या देत होती. ख्रिस्ती बाईला येतात त्यापेक्षा बऱ्याच जास्त. मी 'शांतवन नेवासा' उघडलं. रिकामं. कोरं. मग खात्यातला कचऱ्याचा डबा उघडला, आणि तिथे सगळं होतं. शेळी, शिबिर, गाणी, ऊन आलेलं अंगण. एकेक निवडून टाकलेलं, न चुकता. टपाल बघता यावं म्हणून मीच मामांना पासवर्ड घालून खातं उघडायला शिकवलं होतं, आणि ते त्यांनी नीट शिकून घेतलं होतं.

"सापडलं!" मी म्हटलं. "मामी, डब्यात आहे. कंपनी काही आठवडे डबा ओतत नाही. एक बोट लावलं की सगळं परत."

"मग लाव की!"

चमचा वाजला. मामा दारात उभे होते, एका हातानं चौकट धरून. दुसऱ्या हातात पाटी. त्यांनी ती मला नाही, मामीला दाखवली. मामी चष्मा शोधायला लागली. पिठाचा डबा, फळी, उशी. मामा पाटी तशीच धरून उभे राहिले. या वेळी त्यांनी ती पुसली नाही. मामीला चष्मा सापडला. ती जवळ आली, एकेक अक्षर बोटानं जुळवत वाचू लागली.

'म्या काडलं. म्या हाय अजून.'

मामीनं ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "अहो, मग सांगायचं न्हाई का?"

बोलली आणि खाली बसली. कसं सांगायचं होतं त्यांनी? मामा तिच्यापाशी भिंतीला टेकून बसले. माझं बोट फोनवर तसंच होतं.

"रूथ," मामी म्हणाली, "हे गेल्यावर काडता येईल का ते?"

"तोवर डब्यात राहील याचा भरवसा नाही, मामी. मुदत संपली की आपोआप जातं."

"म्हंजी आत्ता काडायचं, न्हाईतर..."

"हो."

मी सुचवलं, मी गुपचूप माझ्याकडे काढून ठेवते, तुम्ही लावू नका म्हणजे झालं. मामीनं मामांकडे पाहिलं. मामांनी काही लिहिलं नाही, हात आपटला नाही. आयुष्यभर दुसऱ्यासाठी सरकलेला माणूस पहिल्यांदा स्वतःसाठी थोडी जागा मागून बसला होता आणि मागितल्याची त्याला लाज वाटत होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"नको," मामी म्हणाली. "ठिवलं की मी लावनार. माझा माझ्यावर भरवसा न्हाई. राहू दे डब्यात. जाईल तवा जाईल." आणि तिनं फळीवरचा फोन उचलून माझ्या पिशवीत घातला. "ह्यो बी ने. दवाखान्याचं टपाल तूच बघ."

त्यानंतरचे दिवस मामांचे वाईट गेले. श्वास लागायचा, फडक्याला रक्त यायचं. पण घर आता गप्प होतं आणि त्या घरात चमचा ऐकू यायचा. एक टोला म्हणजे पाणी. दोन म्हणजे 'उशी नीट कर.' लागोपाठ बारीक वाजवलं तर 'इथं ये, बस.' मामीनं ही भाषा पाठ केली. चष्मा तिनं दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. मामा लिहायचे, ती मोठ्यानं वाचायची, आणि वाचताना नकळत मामांसारखं दोनदा वाचायची.

मामांचा फोन माझ्याकडे होता. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवायचा. जेवणाच्या सुट्टीत मी तो डबा उघडून बघायची, आहेत ना सगळे. लावत मात्र नव्हते. मामीनं स्वतःवर ठेवला नाही तो भरवसा तिनं माझ्यावर ठेवला होता. एक दिवस डबा उघडला तर रिकामा. शेळीसुद्धा नाही. मी पुस्तकांच्या रॅकमागे जाऊन थोडी उभी राहिले आणि मग मामीला फोन लावला.

"मामी, गेलं ते सगळं."

"बरं," ती म्हणाली. पलीकडे काहीतरी तडतडत होतं. "हे इथंच हायेत. शेंगा सोलतोय आमी. दानं मीच खातीया, ह्यांना कुठं गिळतंय." मग चमच्याचे बारीक टोले ऐकू आले. "इचारत्यात, तू कधी येती?"

मामा डबा रिकामा झाल्यानंतरही काही दिवस होते. फार नाहीत. एका सकाळी ऊन अंगणात यायच्या आधी गेले. मामी म्हणाली, चमचा हातातच होता.

दफनविधी दुपारी ठरला. खबर द्यायला हवी होती. साऱ्या नेवाशाची मयतं ज्यानं पुकारली त्याचं कोण पुकारणार? अस्लमभाई रिक्षावर भोंगा बांधून दारात उभे होते. मला हळूच म्हणाले, "ताई, भाऊंचा जुना आवाज असंल ना कुठं? मयताची खबर लावली असती, नाव तेवढं मधी मी घेतलं असतं. माझ्याकडं हुता, पन फोन भरला म्हनून उडवला मी. काय मानूस मी बी."

"नाही, अस्लमभाई. कुठंच नाही."

तोवर मामी पांढऱ्या साडीत बाहेर आली आणि रिक्षात चढून मामांच्या जागेवर बसली. कुणाला काही बोलू दिलं नाही. मी तिच्या शेजारी बसले. तिनं माईक काठवटीसारखा दोन्ही हातांनी धरला. "वैनी, तोंडाजवळ घ्या," अस्लमभाई म्हणाले.

तिचा आवाज बारीक, तोही भोंग्यातून चिरका होऊन बाहेर पडला. नेवासकरांना कळवण्यात येतं की शांतवनभाऊ, शांतवनभाऊ यांचं आज सकाळी निधन झालं आहे. दफनविधी तीन वाजता. पुढचं तिला पाठ होतं, आम्हा सगळ्यांनाच होतं. "दुकानदारांनी शटर अर्धं खाली घ्यावं," ती म्हणाली. मग भोंग्यातून नुसती हवा आली. बाजारपेठेतली शटरं एकेक करून खाली येत होती. समोर एक उसाचा ट्रॅक्टर वाट अडवून उभा होता, त्याच्या ड्रायव्हरनं तिनं सांगायच्या आधीच तो मागे घ्यायला सुरुवात केली.

"रस्त्यातल्यांनी जागा द्यावी," मामी म्हणाली.

मामांचा फोन अजून माझ्याकडेच आहे. 'शांतवन नवीन' या खात्यात आता हवी तेवढी जागा आहे. पुण्याच्या दवाखान्याचं टपाल त्यात न चुकता येतं, तपासणीची तारीख जवळ आली आहे, येताना जुने कागद आणावेत. एकही परत जात नाही. मी मामीला म्हटलं, त्यांना कळवते, मामा गेले म्हणून, म्हणजे पाठवायचे थांबतील.

मामी शेंगा निवडत होती. चष्मा गळ्यातच होता.

"येऊ दे गं," ती म्हणाली. "आलेल्याला त्यांनी कधी माघारी धाडलं न्हाई. ते एक टपाल गेलं तेवढंच."